नाल्याअलीकडचे सहा चौकोन

मी जमनीचा विळा. तांड्यात मला इळा म्हणतात. काहीही म्हणा, धार तीच. आजकाल मला काम कमी आहे, म्हणून बोलतो. तुम्ही ऐकायला कायले बसलात ते मला समजलं नाही. विळ्याचं फुकट ऐकून घेणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. पण बसलाच आहात तर ऐका.

शाळा मला ठाऊक आहे ती मागच्या बाजूने. पंधरा ऑगस्टच्या आधी तिथलं गवत कापायला जमनी मला न्यायची. तेवढंच माझं शिक्षण. तेव्हा माझं बोलणं सुधारत बसू नका.

माझा जन्म दारव्ह्याच्या बाजारातला. ट्रकच्या कमानीचा पाटा तोडून एका गाडीलोहाराने मला घडवलं. त्याची बायको घण मारायची, तो सांडशीत धरून मला फिरवायचा, आणि सगळा वेळ दोघं भांडत होते. मला पाणी देऊन झाल्यावर लोहार म्हणाला, हा दहा वर्षं हलत नाही. माझ्यासोबतच्या सगळ्या विळ्यांबद्दल तो तेच म्हणाला होता. त्यातला एक आठ दिवसांत मोडून परत आला. तेव्हापासून कोणी गोड बोललं की मी आधी त्याच्या हाताकडे पाहतो.

जमनीने सात विळे उचलून पाहिले. प्रत्येकाला नखाने टिचकी मारून आवाज ऐकला, अंगठा पात्यावरून आडवा फिरवला. लोहाराच्या शब्दावर तिने काडीचा विश्वास ठेवला नाही. तिथेच ती मला पटली. तिच्या नवऱ्याने धावड्याच्या लाकडाची मूठ बसवून दिली. तो पुढे वारला. मूठ अजून तीच आहे.

माझं खरं काम निंदणाचं. कपाशीत, तुरीत, सोयाबीनमध्ये बायका ओळीने उकिडव्या बसतात आणि तण काढत पुढे सरकतात. या बायकांची एक सवय सांगतो. त्या दिवशी जी आली नाही तिच्याबद्दल बोलायचं. म्हणून कोणी खाडा करत नाही. ताप असला तरी येतात.

तोंड चालतं तसा हात चालतो. डोळ्याचं त्यात काही काम नसतं. बोट पातीला लागलं की हाताला समजतं, हे ठेवायचं की काढायचं. मी खाली सरकतो, माझं टोक मुळाखाली जातं, एक हिसका, आणि तण खांद्यावरून मागे पडतं. मूळ वर करूनच टाकायचं असतं, नाहीतर ओल लागून परत जीव धरतं. जमनीच्या हाताने हे इतकं केलं की लग्नाच्या पंगतीत बसली तरी ती मांडवाखालचं गवत उपटते. नवरदेवाची आई एकदा म्हणाली, "जमनी, जेवून घे, वावर आमचं नाही हे." तेव्हा तिला समजलं की आपला हात चालू आहे.

मग तणनाशकाचे पंप आले. पाठीवर डबा बांधून एक माणूस अर्ध्या दिवसात जे जाळून टाकतो त्याला वीस बायका चार दिवस लावायच्या. मी वळचणीला गेलो. गंज चढला. वर्षातून दोन-चार वेळा जमनी मला काढायची, दगडावर घासायची आणि पठारावर गवत कापायला न्यायची. त्यावर तिची म्हैस जगायची, मी जगायचो.

ते पठार तांड्याच्या वरच्या अंगाला आहे. बरड, मुरमाड. सगळे त्याला गायरान म्हणतात. तिथे गवतं पुष्कळ, पण आपल्या गोष्टीपुरती दोनच लक्षात ठेवा. एक पवन्या. ढोरांना तो गुळासारखा लागतो आणि मलाही कापायला बरा. दुसरी तिखाडी. हिला उग्र वास, अंगात तेल. ढोर हिला तोंड लावत नाही. हिला कापलं की दोन दिवस पात्याचा वास जात नाही. तिखाडीचा मला पहिल्यापासून राग. जमनीलाही राग. ढोर खात नाही ते गवत कसलं, असं आम्हा दोघांचं मत होतं.

त्या पठारावर याआधी दोनदा मोजणारे आले होते. पहिले साखळी घेऊन आले, आणि पुढच्या वर्षी पठाराचा खालचा तुकडा खड्ड्यांत गेला. खड्ड्यांत झाडं लावली होती म्हणतात. मी खड्डेच पाहिले. दुसरे डोक्यावर टोप्या घालून आले, आणि नंतर तिथे टॉवर उभा राहिला. जो मोजतो तो नेतो, एवढं मी त्यातून शिकलो.

म्हणून चार पावसाळ्यांमागे दीपमाला आली तेव्हा मी जमनीच्या कमरेला खोचलेलाच ताठ झालो. ही बाई यवतमाळच्या कॉलेजात शिकवणारी, गवतावर पीएचडी करणारी. तिशी ओलांडलेली, पायात बूट, डोक्याला रुमाल. जीपमधून तिने दोऱ्या काढल्या, लोखंडी खुंट्या काढल्या, तारेचे गुंडाळे काढले आणि शेवटी हातभर लांबीरुंदीची एक लोखंडी चौकट काढली. मोजायचं सामान मी ओळखतो.

तांड्यातले लोक जमले. पुढे धनसिंग होता. हा जमनीचा चुलत दीर. पस्तीस गाई, आणि स्वतःची जमीन म्हणाल तर गाय बसेल एवढीही नाही. गायरान हेच त्याचं वावर.

"गवताचा काय अभ्यास करता मॅडम?" त्याने विचारलं. "आमचे ढोरं रोज करतात. त्यायलेच विचारा."

"कोणतं गवत कोणाजवळ उगवतं, कोण कोणाला दाबतं, कोण कोणाला आडोसा देतं, ते पाहायचं आहे," दीपमाला म्हणाली.

"म्हणजे भाऊबंदकी."

"तसंच समजा."

"मंग कोर्टात किती वर्षं चालते गवताची केस?"

सगळे हसले. तीही हसली. मी हसलो नाही.

यामागे काय होतं ते नीट सांगतो, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही. ग्रामपंचायतीची एक गायरान समिती होती आणि तिच्यावर सदाशिवराव नावाचा माणूस बसलेला. त्याचं म्हणणं, ढोरांनी पवन्या खाऊन संपवला, आता नुसती तिखाडी माजली, तेव्हा पाच वर्षं गायरान बंद करा. बंद करून मग कोणाच्या घशात घालायचं हे तो बोलत नव्हता. तांड्याने आरडाओरड केली. शेवटी असं ठरलं की कॉलेजच्या मॅडम तीन वर्षं पाहतील, त्या काय लिहून देतील ते सगळ्यांनी मानायचं. ढोरांनीच पवन्या संपवला असं त्यांनी लिहिलं, तर गायरान बंद. गायरान बंद म्हणजे धनसिंगच्या पस्तीस गाई बाजारात. इतकं साधं होतं ते.

दीपमालाने पठारावर वीस चौकोन आखले. दहा तारेच्या कुंपणात, दाराला कुलूप, ढोर आत जाणार नाही. दहा मोकळे, चार कोपऱ्यांना चार खुंट्या, ढोरांनी हवं तसं चरावं. त्या मोकळ्या दहांतले सहा नाल्याच्या अलीकडे, तांड्याच्या बाजूला. चार नाल्यापलीकडे. तिला पाहायचं होतं की तिखाडी पवन्याला मारते की ढोर मारतं की आणखी काही आहे.

राखणीला तिने जमनीला ठेवलं.

"मावशी, या चौकोनांवर लक्ष ठेवायचं. इथलं कोणाला कापू द्यायचं नाही. तुम्हीही कापायचं नाही."

जमनीने मान हलवली. जमनी शब्दाला पक्की. तीन वर्षांत तिने त्या चौकोनांतली एक काडी कापली नाही, मी साक्ष आहे.

कापली नाही. निंदली.

आता तुम्ही म्हणाल, काहून? अहो, दुसऱ्याचं रान आपल्या हाती दिलं आणि त्यात तण माजलं, तर लोक तोंडात शेण घालतील. राखण म्हणजे नुसतं पाहत बसणं असतं हे जमनीच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलेलं नाही. पहिला पाऊस पडून ओल धरली की ती चौकोनाच्या काठाला बसायची. पवन्याला बोट लागलं की हात पुढे. तिखाडीला लागलं की मी खाली. लहान रोपं एका हिसक्यात, मोठे ठोंब दोन-तीन दिवस चारी बाजूंनी कोरून. उपटलेलं ओटीत भरून ती लांब नेऊन टाकायची, कारण राखणदाराने कचरा ठेवायचा नसतो. वरून पावसाने माती बसायची. कोणाला काही दिसायचं नाही.

तारेच्या आतल्या दहांत तिला जाता येईना, किल्ली मॅडमकडे. नाल्यापलीकडच्या चारांकडे तिचे गुडघे जाऊ देईनात. राहिले अलीकडचे सहा. ते तिने वावरासारखे ठेवले.

मला विचाराल तर मी खूश होतो. वळचणीतून बाहेर आलो होतो, गंज गेला होता, आणि तिखाडीवर राग काढायला मिळत होता. ही बाई मोजून मोजून आपलं पठार नेणार असा मला पक्का संशय होता. म्हटलं, नेईल ते नेईल, निदान निंदलेलं तरी नेईल.

दीपमाला महिन्यातून एकदा यायची. चौकट टाकायची, गुडघ्यांवर बसायची आणि एकेक पात बोटाने बाजूला करत वहीत लिहायची. दिवाळीच्या आधी चौकोनाबाहेरचं थोडं थोडं गवत कागदी पिशव्यांत न्यायची. कॉलेजात म्हणे ते भट्टीत कोरडं करतात आणि मग तोलतात. कोरडं करून तोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आमच्या बाजारात सगळे ओलं करून तोलतात. माझा संशय आणखी वाढला.

दुसऱ्या वर्षी तिच्या कपाळावर आठी आली. मोकळ्या सहा चौकोनांतली तिखाडी कमी झाली होती. ढोर तिखाडी खात नाही, मग ती जाते कुठे? आमच्या भागात तिखाडीचं तेल काढणाऱ्या भट्ट्या आहेत. तिथे भाऱ्यावर भारे विकले जातात. दीपमालाने दोन आणि दोन चार केले. शिकलेली माणसं ते फार लवकर करतात.

तिने आधी जमनीला विचारलं. "मावशी, इथली तिखाडी कोणाला कापताना पाहिलं?"

"नाही बाई. कोणी कापली नाही."

खरंच सांगत होती ती. कोणी कापलीच नव्हती.

मग ती धनसिंगकडे वळली. तो गाई पाण्यावर नेत होता.

"धनसिंगभाऊ, तिखाडी कोण नेतं इथली?"

"मले काहून विचारता?"

"रोज तुम्हीच असता ना इथे."

"रोज असतो. माह्या गाई बी असतात. त्यायची झडती घ्या." त्याने काठी खांद्यावरून खाली घेतली. "माहे ढोरं तिखाडीले तोंड लावत नाहीत आन मी बी लावत नाही. चोराले जवळून पाहायचं असन तर गावात जा, समितीत बसले हायेत."

"मी फक्त विचारलं."

"विचारायचं असते तं चहा पेताना विचारते माणूस. असं रस्त्यात अडवून नाही."

त्या दिवसापासून तो तिला पाणीही विचारेना. तांड्यात पाणी न विचारणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसेल तर कोणाला तरी विचारा. गावात लोक त्याला तेलवाला म्हणू लागले. जमनी सगळं ऐकत होती. माझं टोक मातीत होतं. आपला आणि या भांडणाचा काही संबंध आहे, हे तिच्या मनातही आलं नाही. माझ्या मनात आलं होतं काय? आलं होतं. पण विळ्याने कोणाची बाजू कशाला घ्यावी, असं म्हणून मी गप्प बसलो. आणि खरं सांगायचं तर त्या बाईची फजिती मला पाहायची होती.

तिसरा पावसाळा संपत आला. दसरा आठ-दहा दिवसांवर होता आणि समितीची बैठक चार दिवसांवर. दीपमाला आली ती पडलेल्या चेहऱ्याने. सहाव्या चौकोनाच्या काठाला बसली, मांडीवर वही उघडी. जमनी समोर उकिडवी.

"मावशी, तुम्हाला आधी सांगते. मग मला बैठकीत सांगायला बळ येईल," ती म्हणाली. "तारेच्या आत पवन्या कमरेला लागतो. इथे मोकळ्यात पहा, जमिनीला चिकटला आहे. मुळासकट खाल्ला ढोरांनी. तिसऱ्या वर्षी तर सहांपैकी दोन चौकोनांत उरलाच नाही."

"म्हणजे सदाशिवरावाचं खरं निंगालं?"

"माझी वही तेच म्हणते. गायरान बंद करा, असंच मला लिहावं लागेल."

"मंग धनसिंग काय करन? त्याच्या गाई?"

दीपमाला वहीची पानं मागे-पुढे करू लागली. जमनी मात्र बोलत सुटली. धनसिंगचा बाप कसा होता, कोणत्या गाईने कोणत्या दुष्काळात कसं दूध दिलं, पोरीचं लग्न कसं अजून व्हायचं आहे. बोलता बोलता ती थांबेना. आणि तोंड असं सुटलं की जमनीचा हात जास्तच चालतो. बोट एका कोवळ्या पातीला लागलं. मी खाली सरकलो, टोक मुळाखाली, हिसका. या वेळी हिसका जोराचा बसला. तिखाडी खांद्यावरून मागे जायची ती आडवी उडाली आणि मूळ वर करून दीपमालाच्या वहीवर पडली.

दीपमाला त्या मुळाकडे पाहत राहिली.

"मावशी, हे काय केलं?"

"काय केलं?"

"हे."

जमनीने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तण हाये. माती लागली काय तुमच्या कागदाले? थांबा, पुसून देतो."

"हे तुम्ही कधीपासून काढता?"

"पयल्या दिवसापासून. तुमचं रान मी कधी बुजू देलं नाही बाई."

"मी सांगितलं होतं, कापायचं नाही म्हणून."

"कापलं कुठी? निंदलं."

मला वाटलं, आता ही ओरडेल. वही फेकेल, जमनीला घालवून देईल. मी तयार होतो. पण ती दोन्ही हात गालांना लावून बसून राहिली. मग बोलली, आणि तिची भाषा बदललेली होती. तोवर ती आमच्याशी पुस्तकातलं बोलायची.

"माही माय आता काम करत नाही. पण अंगणात बाजीवर बसली तरी तिचा हात खाली लोंबते, आन तिथलं गवत उपटते. तिले कळत बी नाही. मी रोज पाहतो ते. मले समजायले पाहिजे होतं."

"म्हणजे चुकलं काय माह्यं?" जमनीचा आवाज लहान झाला होता.

दीपमालाने तिला समजावलं. ते ऐकून माझं पातं थंड पडलं. तिखाडीच्या दाट ठोंबात ढोर तोंड घालत नाही, कारण वास. त्या ठोंबाच्या आत पवन्या उगवला तर तो वाचतो. आडोसा मिळतो. आम्ही तो आडोसाच तीन वर्षं उपटत होतो. पवन्या उघडा पडला, मग गाईंनी खाल्ला. गाई खाणारच, त्या काही उपास करायला पठारावर येत नाहीत.

"असं आहे असं मला वाटतं," दीपमाला म्हणाली. "पण वाटून काय उपयोग. दाखवायला काहीच नाही." मग ती एकदम थांबली. "मावशी, नाल्यापलीकडचे चार?"

"तिकडे नाही गेलो बाई. गुडघे."

"एकदाही नाही?"

"एकदा बी नाही. खोटं कायले बोलू."

दीपमाला उठून उभी राहिली. "ते चार मला दरवर्षी वेगळे दिसत होते. तिकडची माती वेगळी असेल म्हणून मी त्यांना बाजूला ठेवलं होतं. मोजलं, पण धरलं नाही." ती स्वतःशीच हसली, ते हसणं काही बरं नव्हतं. म्हणजे चूक एकट्या जमनीची नव्हती. मला थोडं बरं वाटलं. दुसऱ्याची चूक निघाली की बरं वाटतं, ही खोड मी माणसांकडूनच उचलली.

दोघी नाला उतरल्या. दीपमालाने जमनीचा हात धरला होता, जमनी आपल्या गुडघ्यांना शिव्या देत होती. पलीकडे तिखाडी छातीएवढी. भोवतालचं सगळं चरलेलं, मध्ये तिखाडीचे ठोंब तसेच. दीपमालाने मला मागून घेतलं. तिच्या हातात मी पहिल्यांदाच गेलो. धरायला येत नव्हतं तिला. तिने माझ्या पाठीने ठोंब दोन बाजूंना दाबून धरला आणि आत पाहिलं.

आत पवन्या होता. तीन काड्या, बारीक पण सरळ, वर तुरे आलेले. दुसऱ्या ठोंबात पाच. तिसऱ्यात नव्हता. चौथ्यात जमनीने मोजल्या, "नऊ."

मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. लोखंडाला वाईट वाटत नसतं. पण मला बाहेर काढताना मी आडवा झालो, पातं कोणाला लागू नये म्हणून. एवढं मात्र केलं.

"चार चौकोनांवर कोणी विश्वास ठेवत नाही मावशी," दीपमाला म्हणाली.

"मी सांगतो ना समितीत. मी निंदलं म्हणून."

"हसतील तुम्हाला. सगळ्या गावासमोर."

"हसू द्या. धनसिंगच्या गाई गेल्या तं मी त्याले तोंड कसं दाखवू?"

घरी जाताना मी जमनीच्या कमरेला होतो, आणि माझा संशय तसाच होता. मला वाटत होतं, ही शिकलेली बाई आज रडेल आणि उद्या वही मिटवेल. तीन वर्षांचं काम चुलीत कोण घालतं? गप्प बसली तर कोणाला कळणार होतं? जमनीला आणि मला. आमचं कोण ऐकतं.

बैठक ग्रामपंचायतीत झाली. जमनी पठारावरून सरळ आली म्हणून मीही होतो. सदाशिवराव मधल्या खुर्चीत. धनसिंग दाराशी, आत न आलेला, बाहेर न गेलेला.

दीपमाला उभी राहिली आणि पहिलंच वाक्य बोलली, "नाल्याअलीकडचे माझे सहा चौकोन बाद आहेत." मग तिने सगळं सांगितलं. जमनीचं सांगितलं, आणि नाल्यापलीकडच्या चारांना आपण धरलं नाही, हेही सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. वहीचं एकेक पान सगळ्यांपुढे धरत होते, लपवत काही नव्हते.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही अभ्यास केला आणि बाईने निंदून टाकला?" सदाशिवराव म्हणाला.

"पीएचडीत तण फार झालं होतं," मागून कोणीतरी म्हणालं. सगळी बैठक हसली.

जमनी उठली. हसणं थांबायची तिने वाट पाहिली नाही. "मी निंदलं. या इळ्यानं निंदलं. धनसिंगनं काडी नेली नाही. ज्यायनं त्याले तेलवाला म्हटलं त्यायनं आता मले म्हणावं, जे म्हणायचं ते. आन नाल्यापलीकडे तिखाडीच्या पोटात पवन्या हाये, मी मोजला. नऊ." आणि खाली बसली.

"बरं, मग मॅडम, लिहून काय देता? बंद करायचं की नाही?" सदाशिवरावाने विचारलं.

"आज सांगता येत नाही. दोन पावसाळे आणखी पाहिजेत. पण ढोरांनी पवन्या संपवला, असं मी लिहून देणार नाही."

मॅडमच्या कागदाशिवाय बंद करायचं नाही, हे त्यानेच कधी तरी सही करून मान्य केलं होतं. त्याने इकडे तिकडे पाहिलं. "दोन पावसाळे," तो म्हणाला. "त्याच्या पुढे एक दिवस नाही."

बाहेर धनसिंग उभा होता.

"भाबी," तो जमनीला म्हणाला, "वरीसभर लोकं मले तेलवाला म्हणत होते. तू तिथंच बसून होती."

"होतो. मले समजलंच नाही रे."

"मले बी समजत नव्हतं, तिखाडी कुठी जाते म्हणून. मी सदाशिवरावावर संशय घेऊन राह्यलो होतो."

दीपमालाने त्याची माफी मागितली. तो ऐकून घेताना जमिनीकडे पाहत होता. "तुमचा माह्यावर भरोसा बसला, ते ठीक झालं," तो म्हणाला. "माहा तुमच्यावर बसायचा हाये. दोन पावसाळे मी बी पाहतो, तुम्ही कशा मोजता ते." आणि गाई सोडायला निघून गेला. मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला.

दीपमालाने कुठे तरी छापायला पाठवलेला लेख परत मागवला. ती फोनवर बोलत होती तेव्हा मी जवळच होतो. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. ती नुसतं "हो सर" म्हणत होती.

आता नाल्यापलीकडे आणखी सोळा चौकोन झालेत. धनसिंग दर महिन्याला काठीवर हनुवटी टेकून चौकटीजवळ उभा असतो आणि मध्येच म्हणतो, "ते एक राह्यलं मोजायचं." कधी कधी खरंच राहिलेलं असतं. मागच्या वेळी त्याने गडव्यात पाणी आणलं होतं. तिच्यासाठी आणलं असं तो म्हणाला नाही, खाली ठेवून बाजूला झाला.

राखण जमनीकडेच आहे. अट एक. मला आत न्यायचं नाही. चौकोनांच्या अलीकडे मोहाचं झाड आहे, त्याच्या खोडात ती माझं टोक रुतवते आणि रिकाम्या हाताने पुढे जाते. बसली की दोन्ही हात काखेत घालते. श्रावणात एकदा हात सुटला. तिने नुसत्या बोटांनी तिखाडीचं एक रोप उपटलं. मग बाटलीतलं पाणी घालून परत लावलं, आणि मॅडम आल्यावर आपणहून सांगितलं. दीपमालाने ते वहीत लिहिलं. तारीख, चौकोन, जमनाबाईंनी उपटलं, परत लावलं.

मी इथे खोडात गंजतो आहे. तक्रार नाही. असली तरी कोणाकडे करू. तुम्हाला एकच सांगणं आहे, आणि मग निघा. गायरानातून जाताना वाट सोडू नका, आणि चालता चालता गवताची काडी ओढून दातात धरायची जी तुम्हा लोकांची सवय आहे ती आमच्या पठारावर करू नका. तुम्ही म्हणाल, एका काडीने काय होते. आम्हीही तसंच म्हणत होतो.

दोनांतला एक पावसाळा सरला. नाल्याअलीकडच्या सहांपैकी एका चौकोनात तिखाडीचा एक ठोंब परत आला आहे, वीतभर उंच. त्याच्या पोटात काही आहे की नाही ते मला इथून दिसत नाही. जमनीला दिसतं. पण मॅडमनी मोजायच्या आधी बोलायचं नाही म्हणते, आणि मला खोडात रोवताना माझ्याकडे पाहतही नाही. आठ दिवसांपासून ती त्याच ठोंबासमोर जाऊन बसते. हात काखेत घट्ट. काल एक गाय तिकडे वळली तर गुडघ्यांची तक्रार न करता उठली. मला संशय आहे.